शोषखड्डा खोदण्याआधी पाण्याची वाट विचारा : चुनखडकावरच्या गावांसाठी खुले पत्र

प्रति,
वणी, झरी-जामणी, कोरपना आणि राजुरा तालुक्यांत चुनखडकावर वसलेल्या गावांचे सरपंच, ग्रामसेवक, जलसुरक्षक, तसेच यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतले ग्रामीण पाणीपुरवठ्याचे अभियंते यांस,

सप्रेम नमस्कार.

बोअरची गाडी लागलेली असते. शंभर-सव्वाशे फुटांपर्यंत पांढरट-करडी भुकटी उडत राहते आणि एकाएकी आवाज बदलतो. रॉड दोन फूट सर्रकन खाली बसतो, वर येणारी हवा बंद होते, भुकटीही बंद होते. गाडीवाला म्हणतो, "पोकळी लागली." पाणी भरपूर निघते, नारळ फुटतो, मोटार सोडली जाते. या पत्राचा विषय ती पोकळी आहे. तिथे पाणी नुसते साठलेले नाही, ते कुठून तरी वाहत येते आहे. ते जिथून येते ती जागा एखाद्या नाल्यातले भगदाड असेल, गावामागची जुनी खदान असेल, नाहीतर सांडपाणी जमिनीत मुरवायला गेल्या वर्षी खोदलेला शोषखड्डा.

आमची मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच मांडतो. चुनखडकावरच्या गावात शोषखड्डा, विहीर पुनर्भरण, घनकचऱ्याची जागा किंवा पिण्याच्या विहिरीची संरक्षित हद्द ठरवण्याआधी, पाणी कुठून कुठे जाते याची चाचणी मीठ किंवा रंग टाकून करा. खर्च एका बोअरच्या खर्चापुढे किरकोळ आहे. पद्धत खाली सविस्तर लिहिली आहे.

विदर्भात खालचा दगड म्हटले की काळा पाषाणच डोळ्यांपुढे येतो. विहिरीचे अंतर, शोषखड्ड्याचे माप, पाणलोटाची हद्द हे आपले सगळे ठोकताळे त्या पाषाणावर बसले. वणीच्या बाजूने पैनगंगा ओलांडून कोरपना-राजुऱ्याकडे जाणारा पट्टा मात्र निराळा आहे. पृथ्वीवर प्राणी जन्मण्याआधीच्या समुद्रात साचलेला चुनखडक इथे आहे. राजूरच्या चुनभट्ट्या त्याच्यावर पेटल्या, कोरपना-राजुऱ्याचे सिमेंट कारखाने त्याच्यावर उभे राहिले. पाण्याचे नियम तेवढे बदलले नाहीत.

इथे शब्दांचा एक घोळ आहे. अमरावतीकडचा शेतकरी "जमिनीत चुनखडी आहे, संत्रा पिवळा पडतो" म्हणतो तेव्हा तो काळ्या मातीतल्या पांढऱ्या खड्यांबद्दल बोलतो. ते खडे मातीत तयार होतात, खाली पाषाण असला तरी. आम्ही बोलतो आहोत ते सलग थरांच्या चुनखडकाबद्दल. ओळखायला सोपे आहे : विहिरीच्या मलब्यातला ताजा फोडलेला तुकडा घ्या, संडास धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. लगेच फसफसला तर चुनखडक. तुकडा गप्प राहिला आणि त्याची भुकटी करून टाकल्यावर फसफसली, तर डोलोमाइट. तोही विरघळतो, जरा सावकाश. चाकूने ओरखडा उठत नसेल आणि ॲसिडनेही काही होत नसेल, तर तो हा दगड नव्हे. शाळेत लिंबाचा रस वापरला तरी बुडबुडे येतात, फक्त कान जवळ न्यावा लागतो.

पाणी दगड कसे खाते तेही समजून घेऊ. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. पिकांच्या मुळांभोवतीच्या हवेत तो एक टक्का किंवा त्याहून जास्त भरतो. पावसाचे पाणी त्या मातीतून उतरताना तो वायू घेते, सौम्य आम्लधर्मी होते आणि भेगेत शिरून चुना विरघळवते. एका लिटरमध्ये तीनशे मिलिग्रॅम दगड सहज उतरतो. हिशेब करा. हजार मिलिमीटर पावसातले शंभर मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले, तर हेक्टरी दहा लाख लिटर झाले. त्यातून वर्षाला तीन क्विंटल दगड पाण्यावाटे निघून जातो. कापसाचे तीन क्विंटल गेले असते तर गावभर चर्चा झाली असती. हा माल कुठल्याच काट्यावर चढत नाही, आणि जातोही सगळीकडून सारखा नाही. ज्या भेगेतून आधी जास्त पाणी गेले तीच आणखी रुंदावते, म्हणून पुढच्या वर्षी तिच्यातूनच आणखी जास्त जाते. बाकीचा दगड घट्ट राहतो. एका वावरात दोनशे फूट कोरडे आणि धुऱ्यापलीकडच्या बोअरला तीन इंची धार, याचे कारण हेच. पाणाड्याचा नारळ उभा राहिला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

अशा विरघळलेल्या भूभागाला जगभर कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवर क्रास नावाचे पठार आहे, त्यावरून हे नाव पडले. बस्तरच्या कुटुमसरसारखी गुहा पाहिली की ते डोळ्यांना दिसते. आपल्या पट्ट्यात काळ्या मातीने ते झाकलेले आहे. म्हणून "आपल्याकडे कुठे गुहा आहेत?" या प्रश्नाने विषय संपवू नये. सहा इंची पोकळीसुद्धा गावाचे पाणी बिघडवायला पुरे आहे.

आता वेगाचा मुद्दा. वाळूतून किंवा कुजलेल्या पाषाणातून पाणी दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर काही मीटर सरकते. वाटेत गाळले जाते, जंतू अडकतात, मरतात. चुनखडकाच्या पोकळीत ते नळातून वाहावे तसे वाहते. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातच गडप होते. ते जाते कुठे हे पाहण्यासाठी १८७७ मध्ये तिथे दहा किलो रंग आणि वीस टन मीठ सोडले. सुमारे बारा किलोमीटरवरच्या आख झऱ्याला साठ तासांच्या आसपास हिरवे पाणी आले. मधले खोरे वेगळे, उतार वेगळा, तरी पाणी डोंगराखालून पलीकडे गेले. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेतातल्या शेणखताचे जंतू एका उथळ सार्वजनिक विहिरीत उतरले. विहीर भेगाळलेल्या चुनखडकी थरात होती आणि क्लोरिनवर लक्ष नव्हते. सात माणसे दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. शेणखत काही चुकीच्या पद्धतीने टाकलेले नव्हते. दगड वेगळा होता.

म्हणून वर्तुळ काढून हद्द ठरवणे इथे चालत नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, अशी तरतूद आपल्याकडे १९९३ च्या कायद्याने आणली. उपसा अडवायला ती योग्य होती. पण घाण त्या वर्तुळाच्या बाहेरून, दोन किलोमीटरवरच्या नाल्यातल्या भगदाडातून येत असेल, तर वर्तुळाचा काय उपयोग? पाणलोटाच्या हद्दीचेही तेच. जमिनीवरचा पाणलोट टेकडीच्या माथ्यावर बदलतो, खालचा पाणलोट पोकळी नेईल तिकडे जातो.

आणि शोषखड्डा. चार बाय चार फुटांचा खड्डा, आत छिद्रांची टाकी, भोवती दगडगोटे. नाल्या बंद झाल्या, डास कमी झाले, काळ्या मातीच्या गावांत त्याने चांगले काम केले. त्याच्यावर आमचा राग नाही. पण त्या खड्ड्याचे सगळे गणित तळाखालच्या मातीच्या गाळणीवर उभे आहे. तळ आणि दगड यांच्यात दोन मीटर माती नसेल, तर तो शोषखड्डा नसून गटाराला विहिरीची दिलेली जोडणी आहे. खड्डा किती छान "शोषतो" यावरून त्याला शाबासकी देऊ नका. दहा मिनिटांत हजार लिटर गिळणारा खड्डा चुनखडकावर दिसला, तर तो आधी बंद करा. पाहणी सोपी आहे : खड्ड्याच्या तळात सब्बल किंवा हाताचा ऑगर घालून माती मोजायची. माती कमी असेल तिथे सांडपाणी परसबागेत पसरून द्यावे, नाहीतर पक्क्या नालीने मातीच्या जाड थरावर नेऊन तिथे मुरवावे. दोन खड्ड्यांच्या संडासालाही हीच अट लावा. "विहिरीपासून पंधरा मीटर" हे अंतर मातीतले आहे, चुनखडकातले नव्हे.

आता चाचणी. आधी पाणी गिळणाऱ्या जागा शोधा. पावसाळ्यात वाहणारा नाला एखाद्या टप्प्यात बारीक होतो का पाहा. दोन ठिकाणी प्रवाह मोजायचा असेल तर पत्र्याची नव्वद अंशांची व्ही-खाच पुरते. खाचेच्या टोकापासून पाणी पाच सेंटिमीटर चढले तर सेकंदाला पाऊण लिटर, दहा सेंटिमीटरला सुमारे साडेचार लिटर, वीसला पंचवीस लिटर. उंची खाचेच्या तोंडाशी मोजू नका, तिथे पाणी वाकते. अर्धा-पाऊण मीटर मागे काठी रोवून मोजा. वरच्या खाचेत पंचवीस आणि खालच्या खाचेत पाच आले, तर मधले वीस लिटर कुठे गेले हा प्रश्न उभा राहतो. त्या टप्प्यात गोल खळगे, पाला आत ओढला गेलेली छिद्रे, भोवऱ्यासारखे फिरणारे पाणी शोधा. गुराख्यांना विचारा, त्यांना या जागा तोंडपाठ असतात.

वेळ दसरा-दिवाळीची निवडा. नाल्याला पाणी असते, पाऊस थांबलेला असतो. भर पावसात चाचणी केली तर पावसाचे पाणी विहिरीतले क्षार कमी करते आणि आपण टाकलेले मीठ ते वाढवते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, क्षार मोजायच्या टीडीएस पेनावर काही दिसत नाही. चाचणी फसण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण म्हणजे आधीची नोंद नसणे. म्हणून ज्या ज्या विहिरी, झरे, बोअर तपासायचे त्यांचे क्षार टीडीएस पेनाने तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. पेन एकच वापरा, पाणी सावलीत थंड होऊ द्या.

मीठ किती लागेल? समजा झरा सेकंदाला पाच लिटर देतो आणि मीठ दिवसभरात त्यातून निघून जाईल असा अंदाज आहे. चोवीस तासांत पाणी निघते चार लाख बत्तीस हजार लिटर. पेनावर पन्नासची वाढ स्पष्ट दिसायला लिटरला पन्नास मिलिग्रॅम हवे, म्हणजे साडेएकवीस किलो. निम्मे मीठ वाटेत रेंगाळेल असे धरा. पन्नास किलोचे एक पोते झाले. ते दोनशे लिटरच्या दोन पिंपांत पूर्ण विरघळवा. खडे तसेच ओतू नका, ते भगदाडाच्या तोंडाशीच बसतात. खारे पाणी जड असते, साचलेल्या डबक्यात तळाला जाऊन पडून राहते. म्हणून ते वाहत्या धारेत ओता, आणि धार बारीक असेल तर आधी अर्धा टँकर, नंतर अर्धा टँकर पाणी सोडून ते पुढे ढकला. डबक्यात मासे असतील तर तिथे मीठ टाकू नका, खालची वाहती जागा पाहा.

ओतल्याची वेळ लिहा. पहिले सहा तास दर अर्ध्या तासाला, मग दोन दिवस दर दोन तासांनी, पुढे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. रात्रीची पाळी लावाच, कारण लोंढा पहाटे तीनला येऊन गेला तर सकाळी काहीच नसते आणि "जोड नाही" असा खोटा निष्कर्ष निघतो. पेनावर वाढ दिसली की त्याच पाण्याचे क्लोराइड तपासणी संचातून बघा. क्लोराइडही वाढले असेल तरच ते तुमचे मीठ.

अंतर एक-दीड किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर मीठ पुरत नाही, रंग लागतो. युरेनिन, म्हणजेच सोडियम फ्लोरेसिन. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरचा ओरखडा पाहायला हाच रंग वापरतात, तरी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवल्याशिवाय आणि गावात दवंडी दिल्याशिवाय टाकू नका. मघाशी हिशेबात धरलेल्या झऱ्याला दहा-पंधरा ग्रॅम पुरतात. पाव किलो ओतलात तर नळाला हिरवे पाणी येईल आणि ग्रामपंचायतीला कुलूप लागेल. रंग डोळ्यांनी दिसायला नकोच आहे, तो यंत्राला दिसला की झाले. प्रत्येक विहिरीत बारीक जाळीच्या पिशवीत चमचाभर सक्रिय कोळसा दोरीने सोडून ठेवा. तो पाण्यातला रंग धरून ठेवतो. पिशवी तीन-चार दिवसांनी बदला, अल्कली मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये कोळसा भिजवला की रंग सुटतो, आणि फ्लोरोमीटर असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तो मोजता येतो. युरेनिन उन्हाने आणि क्लोरिनने मरते. नमुने काळ्या कागदात गुंडाळा आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या टाकीतून घेऊ नका, विहिरीतून घ्या. रंगाची पूड ज्याने हाताळली त्याने कोळशाच्या पिशव्यांना हात लावायचा नाही. नखात राहिलेला कणसुद्धा चाचणी बिघडवतो. हे ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण बहुतेक खोटे "होकार" असेच येतात.

जोड सिद्ध झाली की भगदाडाचे काय करायचे? काँक्रीटचे झाकण मारू नका. पाणी दुसरीकडे फुटते, कधी कुणाच्या घराखाली. आधी आतला उकिरडा, प्लॅस्टिक, मेलेली ढोरे, कीटकनाशकांच्या बाटल्या काढा. मग उलटी गाळणी भरा : तोंड दोन फुटांचे असेल तर तळाला फूटभर किंवा त्याहून मोठे दगड, ते घशात अडकून बसले पाहिजेत. त्यावर अर्ध्या फुटाचे दगड, त्यावर चाळीस मिलिमीटरची गिट्टी, त्यावर बारीक गिट्टी, वर जाड वाळू. गिट्टीऐवजी थेट मुरूम ओतला तर एका पावसाळ्यात तो खाली निघून जातो आणि खड्डा पुन्हा उघडा पडतो. भोवती तीस मीटरपर्यंत नांगर, खत, फवारणी बंद ठेवून गवत वाढू द्या. जमीन खाजगी असेल तर त्या शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागेल. ती पाणीपुरवठ्याच्या खर्चात धरा, त्याच्या माथी मारू नका.

बोअरचे काम करवून घेणाऱ्या अभियंत्यांसाठी थोडे केसिंगबद्दल, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात उतरवायच्या पाइपाबद्दल. आजची पद्धत अशी : मातीपुरते केसिंग उतरवायचे आणि बाजूच्या फटीत निघालेली मातीच कोंबायची. चुनखडकावर मातीच्या बुडाशी, दगडाच्या माथ्यावर सगळ्यात घाण पाणी वाहते आणि ते त्या फटीतून सरळ बोअरमध्ये उतरते. पिण्याच्या बोअरला वरचे छिद्र दहा इंची पाडा, घट्ट दगडात किमान तीन मीटर उतरा, मग सहा इंची केसिंग तळाशी टेकवून बसवा. चोहीकडे दीड इंचाहून अधिक फट राहते. ती सिमेंटच्या घोळाने भरा, एका पोत्याला पंचवीस ते सत्तावीस लिटर पाणी. मीटरमागे अठ्ठावीस-एकोणतीस लिटर घोळ लागतो आणि एका पोत्याचा घोळ होतो चाळीस लिटरच्या आसपास. म्हणजे दहा मीटरला सात पोती, भेगांत जाईल ते धरून दहा मागवा. घोळ वरून ओतू नका, मध्येच अडकतो आणि खाली फट तशीच राहते. एक-सव्वा इंची पाइप फटीच्या तळापर्यंत सोडून खालून वर भरा, वर घोळ दिसला की थांबा. चोवीस तासांनी पुढे सहा इंची छिद्र सुरू करा. घाईत चार तासांनी हातोडा चालवला तर ओला घोळ हादऱ्याने तडकतो आणि दहा पोती वाया जातात. निविदेत हे काम वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर ठेकेदार करणार नाही, आणि त्याचे चुकते असेही म्हणता येणार नाही.

पाणी तपासणीचे वेळापत्रकही बदलावे लागेल. वर्षातून ठरलेल्या तारखांना घेतलेल्या नमुन्यात चुनखडकाच्या विहिरीचे पाणी बहुतेक वेळा चांगलेच निघते. घाण येते ती मोठ्या पावसानंतरच्या एक-दोन दिवसांत आणि निघूनही जाते. जलसुरक्षकाने पहिल्या चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या पावसानंतर चोवीस तासांच्या आत नमुना घ्यावा, जंतू असले की काळी पडणारी तपासणीची बाटली लावावी आणि टीडीएस लिहावा. आठशेवर असलेला आकडा एका दिवसात पाचशेवर आला आणि पाणी गढूळ झाले, तर पावसाचे पाणी न गाळता थेट विहिरीत येते आहे. वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

त्या दोन दिवसांत पंपच बंद ठेवणे सगळ्यात स्वस्त. त्यासाठी टाकीत दोन दिवसांचा साठा हवा. ते जमत नसेल तर गढूळ पाण्यात नुसती टीसीएल वाढवून उपयोग नाही. क्लोरिन गाळच खातो आणि जंतू गाळाच्या कणात लपून राहतात. आधी तुरटी, हजार लिटरला तीस ते पन्नास ग्रॅम, प्रमाण बादलीत करून पाहा. चुनखडकाच्या पाण्यात तुरटीचे गठ्ठे चांगले धरतात. पाणी निवळले की टीसीएल, हजार लिटरला पाच ग्रॅमपासून सुरुवात, अर्धा तास थांबून उरलेला क्लोरिन दाखवणारी ओटी चाचणी. पोते उघडून महिना झाला असेल तर पाच ग्रॅमचा भरवसा धरू नका, रंग पिवळा येईपर्यंत वाढवा.

शेततळ्याबद्दल थोडक्यात. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या, उताराच्या बाजूंच्या तळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. म्हणजे दोन हजार टन वजन एका मातीच्या थरावर. खाली पोकळी असेल तर अस्तर नसलेले तळे रात्रीतून रिकामे होते आणि तळाला गोल विवर पडते. अस्तर लावा, आणि खोदताना तळ दगडाला लागला तर जागा बदला. जमीन खचण्याचा धोका उन्हाळ्यात जोरदार उपशानेही वाढतो. पोकळीवरच्या मातीला खालून पाण्याचा आधार असतो, तो गेला की माती थोडी थोडी गळत राहते आणि शेवटी छप्पर बसते. धुऱ्याचे खांब कललेले, जमिनीत गोलाकार ताजी चीर, विहीर अचानक गढूळ, यातले काहीही दिसले तर ढोरे-पोरे लांब ठेवा.

जुन्या खदानी कचऱ्याने भरण्याचा मोह प्रत्येक गावाला होतो, खड्डा आयता मिळतो म्हणून. खदानीत वरची माती आधीच निघालेली असते, म्हणजे उरलीसुरली गाळणीही गेलेली. चुनखडकाची खदान ही कचऱ्यासाठी गावातली सगळ्यात वाईट जागा आहे. चालू खदानीचा उपसा कुठल्या विहिरींवर परिणाम करतो हे ठरवतानाही खदानीभोवती गोल आखून भागत नाही. पोकळीच्या दिशेने तो परिणाम लांब जातो, आडवा शंभर मीटरवरही पोहोचत नाही.

शेवटचा मुद्दा घराघरातल्या तक्रारीचा : पाणी जड आहे, तुरीची डाळ शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे मघाशी विरघळलेला दगडच. पाणी उकळले की वायू उडतो आणि चुना परत खाली बसतो. त्यामुळे उकळून निवळलेले पाणी डाळीला वापरले तर बराच फरक पडतो. कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. पण जड पाण्याला कंटाळून खोल बोअरचे "हलके" पाणी पिण्यासाठी घेण्याआधी त्याचे फ्लोराइड तपासा. या दोन्ही जिल्ह्यांत फ्लोराइडचा त्रास आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असते तेव्हा फ्लोराइड सहसा वर चढत नाही. कॅल्शियम गळून सोडियम वाढलेल्या पाण्यात ते चढते. १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलेले पाणी डाळ पटकन शिजवेल आणि पोरांचे दात पिवळे करेल.

येत्या ग्रामसभेत तीन गोष्टींचा ठराव घ्यावा, अशी विनंती आहे. गावातल्या पाणी गिळणाऱ्या जागांची यादी गट क्रमांकासह करणे. त्या यादीतल्या निदान दोन जागांची मीठ चाचणी याच दिवाळीच्या सुमारास घेणे. आणि चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत नव्या शोषखड्ड्यांना व बोअरमध्ये थेट पुनर्भरणाला गावापुरती स्थगिती देणे. छतावरचे पाणी वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडायला हरकत नाही. वावरातले आणि नाल्यातले पाणी मात्र सोडू नये, पऱ्हाटीवर मारलेले औषध त्यातूनच येते. अभियंत्यांनी ठरावाची प्रत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला पाठवावी, म्हणजे जोडलेल्या जागा त्यांच्या नकाशावर येतील.

आपले,
या पट्ट्यात भूजल आणि पाणीपुरवठ्याचे काम करणारे

ता. क. रंगाची चाचणी करताना "दुकानात गुलाबी मिळाला, तोच टाकला" असे होऊ देऊ नका. रंगपंचमीचे रंग आणि रोडामिन बी पिण्याच्या पाण्याजवळही न्यायचे नाहीत. युरेनिन मिळाले नाही तर मिठावरच थांबा आणि पिण्याच्या विहिरीच्या जवळची जागा आधी घ्या.